अर्ध्या हुंदक्यापासून सुरू होणारा व्हिडिओ

बाई, तुमच्या एडिटिंगच्या खोलीला दोन कुलपं होती आणि दोन्हींच्या किल्ल्या तुमच्या पर्समध्ये असत. पुण्यातल्या त्या सरकारी कचेरीत, शैक्षणिक फिल्म बनवणाऱ्या आपल्या लहानशा विभागात, एअरकंडिशनर असलेली ती एकच खोली. साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा पंखाच होता. गारवा माणसांसाठी नाही, मशीनसाठी आहे, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, आणि एप्रिलच्या उन्हातून आलेली मी चपला बाहेर काढून, तुमचा जुना स्वेटर अंगात चढवून तुमच्या शेजारी बसले. डाव्या मशीनमध्ये मूळ टेप, उजव्या मशीनमध्ये कोरी, आणि मधल्या चकतीवर तुमचा हात. एक कट चुकला की तिथून पुढचं सगळं पुन्हा करावं लागायचं, म्हणून तुम्ही बटण दाबण्याआधी क्षणभर डोळे मिटायचात. मला तुमची फार भीती वाटायची. शिपाई, कॅमेरामन, साहेब, सगळ्यांनाच वाटायची. त्या खोलीत काय शिरायचं आणि काय बाहेर पडायचं हे ठरवणारं माणूस अख्ख्या इमारतीत एकच होतं.

तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मोबाइल फोनवर फक्त बोलता येत होतं. आता ती अख्खी खोली लोकांच्या खिशात आहे. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला आले, माझं काम सुटलं, मुलगी शाळेत जायला लागली, आणि एक दिवस बुकित बातोकच्या कम्युनिटी सेंटरमध्ये पाटी दिसली की फोनवर व्हिडिओ बनवायला शिकवणारं कोणी हवंय. गेली काही वर्षं दर शनिवारी सकाळी मी तिथे शिकवते. घरून नारळाच्या वड्या विकणारी एक मलय बाई येते, तिला त्या वड्या कापताना दाखवायच्या असतात. एक फिलिपिनो नर्स येते, ती लांब राहिलेल्या मुलासाठी दर महिन्याला आपल्या खोलीचा, जेवणाचा, बसच्या रस्त्याचा व्हिडिओ जोडून पाठवते. ज्या कामासाठी मी दोन वर्षं तुमच्या मागे नुसती बसून पाहत होते ते ही माणसं एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, वाट बघताना अंगठ्याने करतात. पहिल्या दिवशी मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग मलय बाईने आपला पहिला कट केला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि राग गेला. तुम्ही मला जे शिकवलंत तेच मी त्यांना शिकवते. मूळ कधी पुसायचं नाही. आधी डोळे मिटून ऐकायचं, मग पाहायचं. हालचाल सुरू झाल्यावर आत शिरायचं आणि ती संपायच्या आत बाहेर पडायचं, म्हणजे पाहणाऱ्याला कट दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मी शिकवली नव्हती, कारण ती फळ्यावर लिहिण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. सुईणींच्या प्रशिक्षणावरची आपली फिल्म तुम्हाला आठवत असेल. मावळातली ती सुईण, पायरीवर बसलेली, मांडीवर हात. तिला विचारलं होतं की तुमच्या हातून कधी मुलं दगावली का, आणि ती गप्प बसली होती. ते गप्प बसणं फार लांबलं असं मला वाटलं, म्हणून मी तिथे तिचाच दुसरा शॉट लावला, पदर सावरत हसणारा. कट इतका गुळगुळीत बसला होता की मी तुमच्या शाबासकीची वाट पाहत होते. तुम्ही एकदा पाहिलंत आणि मशीन थांबवलंत. "ती हसली केव्हा?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, कॅमेरामनच्या हातून चहा सांडला तेव्हा. "मग तू तिला मेलेल्या पोरांवर हसवलंस," तुम्ही म्हणालात. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "ही फिल्म तिच्या गावात पडद्यावर दाखवणार आहेत. ती पहिल्या रांगेत बसलेली असेल." मग तुम्ही दाराकडे बोट केलंत आणि मी व्हरांड्यातल्या उकाड्यात तो स्वेटर घालूनच उभी राहिले, काढायचं भान नव्हतं.

आता जे सांगायला बसले आहे ते सांगते. आम्ही राहतो त्या सरकारी वसाहतीतल्या इमारतीत, आमच्याच लिफ्टवर, नवव्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं भाड्याने राहायचं. तो तांजोंग पगारला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, ती त्याच्या नोकरीच्या परवान्यावर, इथे ज्याला पास म्हणतात त्यावर आलेली, दिवसभर घरात, तीन वर्षांच्या मुलीबरोबर. मला काकू म्हणायची. कोथिंबीर जास्त झाली की आणून द्यायची. तिच्या अगदी खालच्या घरात एक चिनी म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. इथे वडीलधाऱ्याला सगळे अंकल म्हणतात, मीही म्हणायची. जहाजदुरुस्तीच्या यार्डात जन्मभर वेल्डिंग केलेलं, हातांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके. बायको गेल्यावर तिच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ करायचा म्हणून ते माझ्या वर्गात आले आणि तो झाल्यावरही येत राहिले. वर्गात सगळ्यांत मन लावून ऐकणारे तेच. वरच्या घरात मूल धावतं, खुर्च्या सरकतात, सकाळी सकाळी काहीतरी कुटलं जातं, अशी तक्रार ते मधूनमधून करायचे. मी हसून सोडून द्यायची. वरच्या त्या तरुण आईला मी त्याबद्दल एकदा सुचवलंही होतं. "चटईवर कुटते हो काकू," ती म्हणाली होती.

एका दुपारी ती माझ्या दाराशी उभी. कडेवर मुलगी, हातात फोन. "काकू, हे बघा," एवढंच म्हणाली. मी पाहिलं. आमच्याच इमारतीचा कॉरिडॉर. तिच्या घराचं लोखंडी गेट उघडतंय आणि ती बाहेर झेपावत इंग्रजीत ओरडतेय, चालते व्हा, चालते व्हा, आणि तिचा उजवा हात वर जातो. तिथे व्हिडिओ संपतो. वर लिहिलं होतं, हे लोक आमच्या देशात येतात आणि म्हाताऱ्यांवर हात उगारतात. त्या वर्षांत बाहेरून नोकरीला आलेल्यांबद्दल इथे बरंच धुमसत होतं, आणि अशी एखादी क्लिप हाती लागली की लोक त्यातल्या माणसाचं नाव, इमारत, ऑफिस शोधून काढत. इथेही काढलं होतं. "ह्यांच्या ऑफिसात पोचलंय," ती म्हणाली. "मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, ही तुझी बायको का. पास रिन्यूअलला आलाय, काकू. नाही झाला तर महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. हे घरी आल्यापासून एक शब्द बोलले नाहीत." मी विचारलं, "तू मारलंस का त्यांना?" "नाही हो. ओरडले, एवढंच." मुलगी तिच्या खांद्यात तोंड खुपसून होती.

मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि डोळे मिटले. पहिल्या शब्दाच्याही आधी एक बारीकसा आवाज आहे. लहान मूल बराच वेळ रडलं की श्वास आत ओढतं ना, त्याचं शेपूट. अर्धा हुंदका. म्हणजे गेट उघडण्याच्या आधीपासून मूल रडत होतं, आणि कशानं रडत होतं ते या व्हिडिओत नाही. मग डोळे उघडून पाहिलं. गेट आधीच अर्धं उघडलेलं, तिथून आत. हात वर गेलेला, खाली यायच्या आत बाहेर. कट कुठे दिसतच नव्हता. बाई, आत शिरायचं-बाहेर पडायचं हे तुमचं वाक्य मी दोन शनिवारांपूर्वी फळ्यावर लिहिलं होतं. "कोणी काढला?" मी विचारलं, पण मला माहीत होतं. "खालच्या अंकलनी," ती म्हणाली.

मी तशीच खाली आठव्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं. अंकल बायकोच्या फोटोपुढची संत्री बदलत होते. मला पाहून खूश झाले, जेवलीस का टीचर, म्हणून नेहमीसारखं विचारलं. आमचं बोलणं इथल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच फोन पुढे केला. "पाहिलास ना? किती लोकांनी पाहिला. कट बरा जमलाय ना, टीचर?" कट खरंच उत्तम जमला होता. मी म्हटलं, "आधीचं कुठे आहे?" "कुठलं आधीचं?" "मूल रडायला लागलं ते." ते संत्र्याचं साल बोटांनी चाचपत राहिले. "पुसलं," म्हणाले. मी म्हटलं, "मूळ पुसायचं नाही असं मी सांगितलं होतं. वर्गात बाकी सगळे पुसतात. तुम्ही कधी पुसत नाही." ते स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. परत येऊन त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता पूर्ण व्हिडिओ लावला.

कॉरिडॉरमधून कॅमेरा चालतोय. अंकलच्या दुसऱ्या हातात छत्री आहे, ती गेटवर आपटते, एकदा, मग पुन्हा पुन्हा. गेटच्या आत ती लहान मुलगी बाहुली घेऊन बसली आहे, ती दचकते आणि रडायला लागते. अंकलचा आवाज येतो, घाणेरडे लोक, तुमच्या घराचा वास येतो, जा तुमच्या देशात. तीन वर्षांच्या मुलीला उद्देशून. छत्री आपटतच राहते. मग आई आतून धावत येते, गेट उघडते, ओरडते, एका हाताने मुलीला मागे सारते आणि दुसरा हात वर करते. तो हात खाली येतो तो छत्रीवर, अंकलवर नाही. छत्री पडते. हे सगळं पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. हेच हवं होतं. पण व्हिडिओ संपलेला नव्हता. ती धापा टाकत उभी आहे, आणि मग आवाज एकदम खाली आणून, अगदी सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणते, "तुमचा मुलगा तुमच्याकडे का येत नाही, ते आज कळलं मला." कॅमेरा हळूहळू जमिनीकडे वळतो. फरशी दिसत राहते.

अंकलचा मुलगा याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला राहतो. एमआरटीने तासाभराचा रस्ता. चिनी नव्या वर्षाला येतो आणि जेवून जातो, हे मला वर्गातल्या गप्पांतून माहीत होतं. तिला कसं कळलं कोण जाणे. भिंती पातळ असतात. "ते मी कापलं," अंकल म्हणाले. "तिच्यासाठी नाही. मुलगा पाहील म्हणून." मी म्हटलं, "अंकल, पूर्ण व्हिडिओ टाका. तिच्या नवऱ्याची नोकरी जाईल." "आणि माझं?" त्यांनी विचारलं. मग फोन उचलला, आणि मला दिसलं की अंगठा पुसायच्या खुणेवर गेलाय. "मूळ पुसलं की कोणाचं काही राहत नाही. तिचं पण नाही, माझं पण नाही. कॅन लाह, चालतंय की." मी हात पुढे केला असता तर त्यांनी दाबलंच असतं. मी खुर्ची ओढून बसले. दुसरं काही सुचेना म्हणून तुमची आणि त्या सुईणीची गोष्ट सांगितली, तो हसण्याचा कट, पहिली रांग, सगळं. सांगताना माझी नजर अंगठ्यावर होती. ते ऐकत राहिले. "त्या बाईने पाहिलं का शेवटी?" त्यांनी विचारलं. "नाही. त्याआधी माझ्या बाईंनी पकडलं." "मग नशीब तुझं," ते म्हणाले. अंगठा बाजूला घेतला, फोन खिशात टाकला आणि टीव्ही लावला. "आता जा, टीचर."

मी नवव्या मजल्यावर गेले आणि तिला सांगितलं की पूर्ण व्हिडिओ आहे, त्यात छत्री आहे, त्यांच्या शिव्या आहेत, आणि तुझं शेवटचं वाक्यही आहे. तिचा चेहरा पांढरा पडला. ते वाक्य ती विसरली नव्हती, फक्त मला सांगितलं नव्हतं. तिचा नवरा सोफ्यावर बसून होता, त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "काय म्हणालीस तू त्यांना?" तिने सांगितलं. तो उठून आतल्या खोलीत गेला. "काकू, तुम्हाला येतं ना हे सगळं," ती हळूच म्हणाली. "तेवढं एक वाक्य काढून द्या. छत्री पडली तिथे थांबवा. कोणाला कळणारे? त्यांनाही नकोच आहे ते." खरंच की. दोघांनाही नको होतं. ज्याला दुखावलं त्यालाही आणि जिनं दुखावलं तिलाही. मी बघते एवढं म्हणून घरी आले. माझा नवरा म्हणाला, उगीच यात पडू नकोस. पण मी आधीच पडले होते. त्यांच्या हातात कात्री मीच दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंकलना शोधत खाली उतरले. ते इमारतीखालच्या दगडी टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते. पिशवीतली कॉफी, नळी लावून, नेहमीसारखी. मी बसायच्या आतच म्हणाले, "टाकला." मी विचारलं, "कुठपर्यंत?" "सगळा. फरशीपर्यंत." त्यांनी फोन दाखवला. वर एकच ओळ लिहिली होती, आधीचा अर्धा होता, हा पूर्ण आहे, सुरुवात मी केली. "शेवटचं तरी ठेवायला नको होतं, अंकल," मी म्हटलं. ते नळी चावत राहिले. "सुरुवात जोडली आणि शेवट कापला, तर परत तेच झालं ना, टीचर," ते म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते. आम्ही दोघं लिफ्टमधून उतरणाऱ्या, शाळेत निघालेल्या मुलांकडे बघत बसलो.

पूर्ण व्हिडिओ पहिल्याइतका पसरला नाही. ज्यांनी अर्धा पाहून शिव्या घातल्या त्यातल्या बहुतेकांनी हा उघडलाच नसावा. ज्यांनी पाहिला त्यांनी दोघांनाही बोल लावले. पण मॅनेजरने तो पाहिला, कारण तिच्या नवऱ्याने स्वतः नेऊन दाखवला, शेवटच्या वाक्यासकट. पुढचे काही आठवडे त्या घरात काय चाललं असेल ते मी फक्त त्यांच्या बंद दारावरून ओळखायची. पास रिन्यू झाला. ती माझ्यावर चिडली होती. लिफ्टमध्ये भेटली तर मुलीशीच बोलायची. एकदा म्हणाली, "तुम्ही त्यांना थांबवलं का नाहीत?" आणि नववा मजला आला तशी उतरून गेली. वर्ष संपताना ते तोआ पायोहला राहायला गेले. सामान हलवायच्या आदल्या दिवशी मी तिला मुलीचं बोट धरून अंकलच्या दारात उभी पाहिली. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. निघताना मला मात्र नमस्कार करून गेली.

अंकलचा मुलगा एका शनिवारी वर्गातच आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, ओठ आवळलेले. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "हे माझ्या वडिलांना तुम्ही शिकवलंत? माझ्या ऑफिसात लोक विचारतात, तू वडिलांना भेटत नाहीस का." मलय बाई आणि नर्स फोनमध्ये डोकं घालून बसल्या. मी म्हटलं, "कापायला मी शिकवलं. न कापायचं त्यांचं त्यांनी ठरवलं." अंकल मागच्या बाकावर, शिक्षा झालेल्या मुलासारखे. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "चला, जेवायला जाऊ," आणि दोघं गेले, पुढेमागे चालत. अंकल अजून वर्गाला येतात. मुलगा आता अधूनमधून येतो का, असं मी एकदा विचारलं. "येतो. भांडायला येतो," ते म्हणाले. "येतो तरी."

आता पहिल्याच शनिवारी मी नव्या लोकांना तुमची सुईण सांगते. कुणी फार लक्ष देत नाही, त्यांना गाणं कसं लावायचं ते हवं असतं. मी तरी सांगते. तुम्हालाही हे सगळं आज सांगितलं, कारण तुमच्याशिवाय कुणाला यातली मेख कळणार नाही, आणि हे पाठवायचं नाहीच आहे म्हणून एक गोष्ट लिहिता येते जी मी नवऱ्यालाही बोलले नाही. त्या सकाळी मी खाली उतरले ती अंकलना समजवायला नव्हे. रात्रीत माझं ठरलं होतं. त्यांच्याकडून मूळ मागून घेऊन ते वाक्य मी काढून टाकणार होते. म्हातारे तेवढे लवकर उठले. त्यांना अर्धा तास उशीर झाला असता तर मी ते कापलं असतं, बाई, आणि इतक्या सफाईनं कापलं असतं की तुम्हालाही सांधा सापडला नसता.